डावीकडचा फूटरेस्ट

"कदमसाब, ही गाडी हळू करून द्या."

मी हातातलं काम ठेवलं आणि पाहिलं, समोरचा माणूस शुद्धीवर आहे का. नारायणगुड्यातल्या एका टू-व्हीलर डीलरच्या वर्कशॉपचा मी तेव्हा मॅनेजर होतो. नव्या कंपन्या, नवी मॉडेल्स, फायनान्स, एक्स्चेंज ऑफर असं सगळं एकदम सुरू झालं होतं आणि वर्कशॉपात उभं राहायला जागा नव्हती. गिऱ्हाईक आलं की दोन गोष्टी मागायचं. पिकअप वाढवा आणि मायलेज वाढवा. दोन्ही एकाच दमात मागायचं. हळू करा म्हणणारा हा पहिलाच भेटला.

ते पाठक सर होते. आमच्या शोरूमपासून चार दुकानं सोडून एक कॉलेज आहे, तिथं केमिस्ट्री शिकवायचे. पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरीतलं, सुलतान बाजाराच्या मागं राहणारं घराणं. घरात मराठी, कॉलेजात इंग्रजी, भाजीवाल्याशी तेलुगू आणि रागावले की अस्सल हैदराबादी. वय पस्तिशीच्या आसपास. मी तारनाक्याला राहणारा, मूळचा देगलूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. आमची ओळख सर्व्हिसिंगपुरती होती.

"सर, मजाक करायलात का?"

"बिल्कुल नाही. तुमच्या काचेवर तो कागद लावलाय ना, दसऱ्याचा? त्यात मला उतरायचंय."

कागद आम्हीच लावला होता. दसऱ्याला गाड्या खपतात. त्यामुळे कंपनीच्या एरिया मॅनेजरनं ठरवलं की त्या दिवशी सकाळी तारनाक्याच्या पलीकडच्या खडकाळ माळावर ट्रायल्स ठेवायची. लोक जमतील, नवं मॉडेल बघतील. आमचे मालक मल्लेश सेठ यांनी मान डोलावली. ट्रायल्स म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तुम्हालाही नसेल, म्हणून सांगतो. ही शर्यत नव्हे. वेगाचा इथं काही उपयोग नाही. खडक, चढ, ओढा, झाडाची मुळं यांतून दोन्ही बाजूंना दोऱ्या लावून एक वाट आखतात. तिला सेक्शन म्हणतात. तेवढ्या वाटेतून गाडीवर उभं राहून, पाय जमिनीला न लावता पलीकडं जायचं. पाय टेकला की एक गुण चढतो. पडलात, थांबलात किंवा दोरीबाहेर गेलात की पाच. शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. माणूस चालतो त्यापेक्षाही हळू गाडी चालवता आली पाहिजे.

पाठक सरांनी हे केबलवर पाहिलं होतं. केबल त्यांच्या गल्लीत नुकतीच आली होती आणि कुठल्याशा परदेशी माणसाला दगडावरून दगडावर गाडी नेताना पाहून सर रात्रभर झोपले नव्हते म्हणे.

"सर, राग मानू नका," मी म्हणालो, "पण तुमचा पाय..."

सरांचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन इंच आखूड होता. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडले, कुणा हाडवैद्यानं हाड बसवलं, ते चुकीचं बसलं. पायात ताकद होती, फक्त उंची नव्हती. त्यामुळे डाव्या बुटाला खालून दोन इंचांचा कॉर्कचा तळ लावलेला असे. ते आले की आधी त्या बुटाचा आवाज येई.

"कदमसाब, शाळेत मला काय काम होतं माहीत आहे? पोरं खेळायला उतरली की त्यांच्या चपला सांभाळायच्या. कबड्डी असो, खो-खो असो, पीटीचे मास्तर म्हणायचे, पाठक, तू बस बाबा. अख्खी शाळा बसून काढली. आणि हा एक खेळ असा दिसला की त्यात पाय टेकायचाच नाही! मग तो लांब असला काय, आखूड असला काय?"

हा हिशेब चुकीचा होता. पाय टेकायचा नाही हे खरं, पण त्याच पायांवर सगळा वेळ उभं राहायचं असतं. मी हे सांगणार होतो. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"गाडी कुठली घ्यायची, ते आधी बघू."

आणि अडकलो.

त्यांची स्वतःची गाडी होती ती फोर-स्ट्रोक. पेट्रोल कमी पिणारी, गरीब गाय. ट्रायल्सला निरुपयोगी, कारण दगडावर चढताना एक झटका लागतो तो तिच्यात नाही. सरांच्या मनात जुनी साडेतीनशे सीसीची, धुडासारखी गाडी होती, कारण तिचा गिअर उजव्या पायात असतो. मी म्हटलं, सर, ती अंगावर पडली तर चौघं लागतील उचलायला. गिअरचा प्रश्न तसाही येत नाही, सेक्शनमध्ये पहिला टाकायचा आणि बाहेर येईपर्यंत बदलायचा नाही. शेवटी आमच्या मागच्या शेडमध्ये एक्स्चेंजमध्ये आलेल्या गाड्यांचा ढीग होता, त्यातली एक शंभर सीसीची टू-स्ट्रोक काढली. टाकीला पोचे, सीट फाटलेली, पण इंजिन ठणठणीत आणि वजनाला हलकी. ट्रायल्ससाठी गाडी निवडताना हे एवढंच बघायचं. ती उचलून बाजूला ठेवता येते का? बाकी सगळं नंतर बदलता येतं.

मग बदलायला सुरुवात केली. आधी स्प्रॉकेट. म्हणजे साखळीचं मागचं दातेरी चाक. ते मोठं केलं की गाडी हळू होते आणि जोर वाढतो. बाजारात मिळणारं मोठं मला पुरेना, म्हणून रानीगंजच्या एका लेथवाल्याकडून करून घेतलं. तो म्हणाला, "साब, इत्ता बड़ा लगाए तो गाड़ी चलेगी नै, रेंगेगी." मी म्हटलं, तेच पाहिजे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या चाकाला पितळेचं एक जड कडं बसवलं. फिरणारं चाक जड असलं की इंजिन अगदी कमी रेसवरही बंद पडत नाही. दूधवाले कच्च्या रस्त्यावर वापरतात ते मोठ्या नक्षीचे टायर घातले आणि त्यांतली हवा इतकी कमी केली की टायर दगडाला बिलगून बसावा. सीटमधला फोम काढून टाकला. इंजिनच्या खाली संरक्षण म्हणून जाड पत्रा हवा होता, तो शोरूमच्या जुन्या बोर्डाचा कापला. त्यामुळे गाडी उलटी झाली की आमचं अर्धं नाव वाचता येई, आणि पहिले काही रविवार ते तारनाक्याच्या माळावर वरचेवर वाचता आलं.

मेंटेनन्सही मी सरांना शिकवला. प्रत्येक सरावानंतर एअर फिल्टर धुवायचा, साखळीला तेल द्यायचं, क्लचच्या केबलमध्ये वरून तेलाचे थेंब सोडायचे. ट्रायल्समध्ये क्लच सतत अर्धवट धरलेला असतो, तो अडकला की खेळ खलास. सर कार्ब्युरेटर कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन अ‍ॅसिटोननं साफ करायचे. इतका स्वच्छ कार्ब्युरेटर मी कंपनीच्या खोक्यातसुद्धा पाहिला नाही.

पण एक गोष्ट जमेना. सर उभे राहिले की गाडी डावीकडं जायची.

पहिल्यांदा वाटलं सवय नाही. मग वाटलं हँडल वाकडं आहे. एका रविवारी मी मागं उभा राहून नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सर बूट घालून उभे राहत होते. कॉर्कचा तो जाड तळ फूटरेस्टवर घसरायचा, पायाखाली काय चाललंय ते त्यांना कळायचंच नाही. मी त्यांना दोन्ही पायांत साधे कॅनव्हासचे बूट घालायला लावले. आता पकड आली, पण डावा पाय पोचायला कंबर डावीकडं झुकायची आणि तिच्या मागोमाग गाडी.

"सर, पाय लांब होत नसेल तर जमीन वर आणायची."

त्या गाडीला दोन्ही बाजूंचा फूटरेस्ट मिळून एकच लोखंडी दांडा असतो. इंजिनच्या खालून जातो आणि दोन्ही टोकांना रबर असतं. मी तो काढला, शेजारच्या गॅस वेल्डिंगवाल्याकडून लाल करून घेतला आणि डावीकडचं टोक दोन इंच वर वाकवलं. शिंपी बाहीचं माप घेतो तसं सरांना उभं करून माप घेतलं होतं. गिअरचा लिव्हरही तेवढाच वर चढवला. पुढच्या रविवारी सर उभे राहिले आणि गाडीही सरळ उभी राहिली. काही न करता, जागच्या जागी, क्लच दाबून, कितीतरी वेळ. सर मोठ्यानं हसायला लागले. माळावर शेळ्या चारणारी बाई आमच्याकडं बघत राहिली.

त्यानंतर ते भराभर शिकले. मीच चकित झालो. इतर शिकाऊ माणसं गाडी जराशी कलली की आधी पाय टेकवतात. सरांना ती सवयच नव्हती. डावीकडं पाय टेकवला असता तर तो जमिनीपर्यंत पोचलाच नसता. त्यामुळे ते तोल सावरायचे, नाहीतर पडायचे.

मल्लेश सेठना हे कळलं तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कदम, वो लंगड़े सार को तुम गाड़ी पे खड़ा कर रहे?"

"हौ सेठ."

"पब्लिक के सामने गिरे तो? हमारा बोर्ड है गाड़ी पे."

"बोर्ड गाडीच्या खाली आहे, सेठ. गिरे तोइच दिखता."

सेठ हसले नाहीत. "टँकी के स्टिकर निकाल दो," ते म्हणाले. "अपना नाम नक्को."

मी स्टिकर काढले. वाईट वाटलं, पण नोकरी होती.

आता यादगिरी. तो आमचा हेड मेकॅनिक. वर्कशॉप तसं पाहिलं तर तोच चालवायचा, मी सह्या करायचो. सरांच्या गाडीचं काम चाललं तेव्हा तो गावी होता. बहिणीचं लग्न, मग घर शाकारणं, मग बतुकम्माचा सण, असं करत तो नवरात्र संपता संपता परतला. नवमीच्या सकाळी.

नवमीला आमच्याकडं आयुधपूजा. आपण खंडेनवमी म्हणतो तीच. गॅरेजवाल्यांचा वर्षाचा हा सर्वांत मोठा सण. पाने, हातोडे, स्क्रू-ड्रायव्हर घासूनपुसून हळदकुंकू लावून मांडतात. एकदा मांडले की दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि पूजेच्या आधी वर्कशॉपात असलेली प्रत्येक गाडी टिपटॉप करायची, मग ती कुणाचीही असो. पैसे घ्यायचे नाहीत. देवीसमोर मोडकं, मळकं, वाकडं काही ठेवायचं नाही, हा यादगिरीचा नेम होता.

सरांनीही गाडी मुद्दाम पूजेला आमच्याकडं लावली. मी दिवसभर पुढं शोरूममध्ये होतो. मुहूर्तावर गाड्या न्यायला अख्खी कुटुंबं आली होती, नारळ फुटत होते, चाकांखाली लिंबं ठेवत होते. संध्याकाळी सर गाडी घेऊन गेले तेव्हा मी त्यांना फक्त लांबून हात केला. गाडीला झेंडूचा एवढा हार होता की खालचं काही दिसत नव्हतं.

दसऱ्याची सकाळ. माळावर मांडव पडला होता, लाउडस्पीकर होता, नवं मॉडेल फिरत्या पाटावर ठेवलं होतं. वीसेक जण उतरणार होते, बहुतेक कॉलेजातली तरुण मंडळी. सर आले, मला म्हणाले, "काल काय केलंत हो गाडीला? इतकी आरामशीर वाटली येताना!"

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी मांडवाकडं बघत होतो.

सरांनी बूट काढून बाजूला ठेवले, कॅनव्हासचे घातले, हार उतरवला आणि सरावासाठी गाडीवर उभे राहिले. आणि डावीकडं आडवे झाले.

उठले. परत उभे राहिले. परत डावीकडं.

मी धावलो. खाली वाकून पाहिलं तर फूटरेस्ट सरळ! दोन्ही टोकं एका पातळीत, नव्या गाडीसारखी. गिअरचा लिव्हर कंपनीच्या खुणेवर. टायरमध्ये टिच्चून हवा आणि वर काळं पॉलिश, असं की तोंड दिसावं. म्हणूनच सरांना गाडी आरामशीर वाटली होती. येताना ते उंच तळाच्या बुटांत बसून आले होते, आणि त्या बुटांना सरळ फूटरेस्टच बरोबर होता.

यादगिरी मागंच उभा होता. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगात नवा शर्ट.

"यादगिरी, हे कुणी केलं?"

"मैंइच करा साब!" तो खुशीत म्हणाला. "गिरे थे लगता सार. फूटरेस्ट पूरा टेढ़ा होगया था. पाइप डाल के सीधा कर दिया. फ्री में."

मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. सणाचा दिवस, आजूबाजूला बायकामाणसं, पण मला भान राहिलं नाही. दोन महिन्यांचे रविवार गेले होते त्या दोन इंचांत. यादगिरीला आधी कळेना. मग मी सरांना त्याच्यासमोर उभं केलं, दोन्ही पाय जवळजवळ. त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा इतका पडला की माझाच आवाज बंद झाला. बिचाऱ्यानं वाकडं दिसलं ते सरळ केलं होतं. बारा महिने आम्ही त्याला त्याचीच शाबासकी देत होतो.

"चल, वर्कशॉप खोल," मी म्हणालो. "पाइप काढतो, मीच वाकवतो परत."

"नै साब. औजार पूजा में हैं."

"मी हात लावतो. पाप मला लागू दे."

"साब, पाप छोड़ो," तो हळूच म्हणाला, "वो दांडा एक बार मुड़ा, एक बार सीधा हुआ. अब ठंडे में मोड़े तो टूटेगा. सार के पैर के नीचे टूटेगा."

हे मलाही ठाऊक होतं, रागात विसरलो होतो. लोखंड असं मागंपुढं वाकवलं की तडकतं. गॅसवर लाल केल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नव्हता, आणि दसऱ्याच्या सकाळी अख्ख्या हैदराबादेत एक वेल्डिंगवाला दुकान उघडून बसला असता तर शपथ.

लाउडस्पीकरवर नावं पुकारायला सुरुवात झाली. मल्लेश सेठ लांबून माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेचा अर्थ मला कळत होता. मी सरांजवळ गेलो. ते एका दगडावर बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात त्यांचे बूट.

"सर, माफ करा. नाव मागं घेऊ का? पुढच्या वर्षी..."

"कदमसाब," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्या तळाची उंची किती आहे?"

"दोन इंच."

त्यांनी डावा बूट उचलून माझ्या हातात दिला. "कापा."

"सर, हा एकच जोड आहे तुमचा. घरी कसे जाल?"

"घरी कसं जायचं ते नंतर बघू. मला आधी तिकडं जायचंय." त्यांनी खडकांकडं बोट दाखवलं.

मी तो बूट हातात धरून उभा राहिलो. कापायचं धाडस होईना. यादगिरीनं तो माझ्या हातातून घेतला. माळावर एक काकडीवाला होता, त्याची सुरी मागून आणली. मी त्याच्याकडं पाहिलं तर म्हणाला, "ये औजार नै साब, ये तरकारी का है." सुरीनं शिवण उसवून कॉर्कचा तळ अख्खा वेगळा काढला. स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरला डबा बांधायची ट्यूबची लांब पट्टी होती, ती सोडली. तळ डावीकडच्या फूटरेस्टवर ठेवला आणि ट्यूब ताणून ताणून अशी गुंडाळली की हातोडीनं ठोकलं तरी हलू नये. वरून रबराचे वेढे आल्यामुळे पकडही मिळाली. तोवर मी काडीनं टायरमधली हवा सोडली आणि माती चोळून पॉलिश घालवलं. गिअरचा लिव्हर तसाच राहिला. सरांनी उभ्यानं वाकून हातानं पहिला गिअर टाकला.

आणि उभे राहिले. गाडी सरळ.

यादगिरी गाडीच्या शेजारी गुडघ्यावर बसलेला होता. तो उठलाच नाही. तिथूनच म्हणाला, "जाओ सार."

पहिला सेक्शन सोपा होता. सर एकदाही पाय न टेकता पार गेले. दुसऱ्यात ओल्या दगडावर आडवे झाले, पाच गुण. तिसरा स्वच्छ. कॉलेजची पोरं भराभर जात होती, जिथं अडकतील तिथं पाय टेकत होती, हसत होती. सर हसत नव्हते. त्यांच्या ओठांवर घाम होता. प्रत्येक सेक्शनच्या आधी यादगिरी पुढं जाऊन ट्यूब हातानं दाबून बघायचा, मग बाजूला व्हायचा. शेवटच्या सेक्शनला दोन मोठे खडक होते, मध्ये हातभर फट. बरेच जण तिथंच बसले. सर फटीपाशी येऊन थांबल्यासारखे हळू झाले, गाडी डावीकडं झुकली, मी डोळे मिटले. इंजिनचा आवाज मात्र बंद पडला नाही. डोळे उघडले तेव्हा पुढचं चाक पलीकडच्या खडकावर होतं आणि मागचं चढत होतं.

मला भरून आलं. सांगायला लाज कशाला? मी मांडवाच्या खांबामागं जाऊन नाक पुसलं.

गुण मोजायला कंपनीनं बंगळूरहून एक जुने, पांढऱ्या मिशांचे रायडर आणले होते. त्यांनी निकाल जुळवला. सर पाचवे आले. बक्षिसं तिघांनाच होती. पण ते गृहस्थ स्वतः आमच्याकडं चालत आले.

"ये किसकी गाड़ी है?" त्यांनी विचारलं. "अजीब बात है. सबके एक हैं, दो हैं, तीन हैं. इस आदमी के या तो शून्य हैं या पाँच. बीच का कुछ नहीं. ये पैर क्यों नहीं टेकता?"

मी काही बोलण्याआधी सर गाडीवरून उतरले आणि चालत आमच्याकडं आले. उंच तळाशिवाय. प्रत्येक पावलाला सगळं अंग डावीकडं जात होतं. इतक्या वर्षांत त्यांना तसं चालताना, रविवारचा माळ सोडला तर, मीही कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या मांडवातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. सरांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते हसत होते.

मिशावाल्यांनी एकदा त्यांच्या पायाकडं पाहिलं, एकदा फूटरेस्टकडं. मग त्यांनी काहीही न विचारता हात पुढं केला.

थोड्या वेळानं मल्लेश सेठ आले. "कदम, टँकी के स्टिकर कहाँ हैं? लगाओ जल्दी. फोटोवाला आया है."

"वो तो फाड़ दिए सेठ," मी म्हणालो. खिशात होते. पण सणाच्या दिवशी एवढं खोटं चालतं.

सुट्टी संपल्यावर मी सरांना म्हटलं, दांडा परत गॅसवर वाकवून देतो, नीट पहिल्यासारखा. सर नको म्हणाले. कॉर्कवर उभं राहिलं की दगडाचा हिसका पायात येत नाही म्हणे. माझ्या मोजून-मापून केलेल्या कामापेक्षा घाईत बांधलेला तो तळ चांगला निघाला, हे मान्य करायला मला थोडे दिवस लागले. सर नव्या बुटांचं माप द्यायला सुलतान बाजारात गेले तेव्हा यादगिरी त्यांच्याबरोबर गेला होता. काय बोलले दोघं, मला ठाऊक नाही.

वर्कशॉपात मात्र एक बदल झाला. गाडीत काही वाकडं दिसलं की यादगिरी पाइप हातात घेऊन आधी गिऱ्हाइकाला विचारायचा, "गिरे थे क्या, या ऐसाइच होना?" म्हणजे पडला होतात, की असंच हवंय? लोक हसायचे. जवळजवळ सगळे म्हणायचे, गिरे थे. मलाही वाटायला लागलं होतं की हे जरा जास्तच होतंय. मग एकदा एक म्हातारे कंपाउंडर आले. त्यांचा ब्रेकचा लिव्हर आतल्या बाजूला पार दुमडलेला. यादगिरीनं विचारलं. ते म्हणाले, "ऐसाइच होना बाबा, उँगलियाँ पूरी खुलती नै." यादगिरीनं पाइप खाली ठेवला आणि माझ्या केबिनच्या काचेकडं पाहिलं.

वाकडं सरळ करायला पाच मिनिटं लागतात. विचारायला अर्धं. इतकी वर्षं आम्ही ते अर्धं मिनिट वाचवत होतो.